पाठांतराला वीसपैकी वीस, पॅसेजला भोपळा

वाचकाचं पत्र :

"सर नमस्कार, मी सोलापुरात पूर्व भागात, अशोक चौकाजवळ घरीच इंग्लिशचा क्लास घेते. आठवी ते दहावीची मुलं आहेत, बहुतेक मराठी मिडीयमची, घरी तेलुगू बोलणारी पण भरपूर. दर शनिवारी वीस शब्दांची टेस्ट घेते, स्पेलिंग आणि मराठी अर्थ. मुलं अठरा, एकोणीस, वीस पाडतात. पण अनसीन पॅसेज दिला की सगळं गडबडतं. सरळ प्रश्नाचं उत्तर लिहितात, जरा फिरवून विचारलं की 'मॅडम, हे पॅसेजमध्ये नाहीच की' म्हणतात. त्यात एकानं मोबाईलवर कसलीतरी टेस्ट दिली, तिनं सांगितलं तुला बारा हजार शब्द येतात. आता त्याचे वडील येऊन विचारतात, पोराला बारा हजार शब्द येतात तर तुमच्या पॅसेजला दहापैकी तीनच कसे? पुढं त्याला बँकेच्या परीक्षेला बसवायचंय म्हणे. टेस्ट घ्यायची तरी कशी, आणि त्या वडलांना सांगू काय?"

ताई, नमस्कार.

तुमची शनिवारची टेस्ट एक गोष्ट मोजते आणि पॅसेज भलतीच दुसरी मोजतो, पण दोन्हीचे मार्क एकाच वहीत शेजारी शेजारी लिहिले जातात म्हणून ते एकाच गोष्टीचे वाटायला लागतात, एवढाच सगळा घोळ आहे. पोरांना वीसपैकी वीस पडतात ते खोटे नाहीत आणि पॅसेजचे तीन पण खोटे नाहीत. फक्त त्या दोन आकड्यांच्या मधे पोरगं नक्की कुठं अडकलंय ते तुम्हाला अजून दिसलेलं नाही, आणि टेस्ट घ्यायची असते ती त्यासाठीच, मार्क वाटायला नाही.

आधी पॅसेजचं बघू, कारण खरी फसवणूक तिथं होते. हे वाक्य वाचा : "चिरप्या गोंदुलानं टोरंबीला सकाळी सकाळी भुंकाटलं." आता प्रश्न. टोरंबीला कोणी भुंकाटलं? चिरप्या गोंदुलानं. कधी भुंकाटलं? सकाळी सकाळी. गोंदूल कसा होता? चिरप्या होता. झाले की तीनपैकी तीन मार्क! आणि तुम्हाला, मला, कोणालाच माहीत नाही की गोंदूल माणूस आहे का मांजर. शब्द मीच बनवलेत, पण मराठीची वाक्यरचना तुम्हाला येते म्हणून प्रश्नातले शब्द पॅसेजमध्ये शोधायचे आणि त्या वाक्याचा उरलेला तुकडा उचलून लिहायचा, एवढं करून उत्तर निघतं. तुमची पोरं इंग्लिशमध्ये हेच करतात, आणि चांगलं करतात, कारण वर्षानुवर्षं त्यांना ह्याचेच मार्क मिळालेत. म्हणून तर फिरवलेला प्रश्न आला की "पॅसेजमध्ये नाहीच की" म्हणतात. त्यांच्या लेखी पॅसेजमध्ये असणं म्हणजे जसंच्या तसं वाक्य सापडणं.

तेव्हा प्रश्न काढताना हे डोक्यात ठेवा. समजा तुम्ही चार ओळींचा पॅसेज लिहिला, तो तुम्हीच लिहा, गाईडातला नको, गाईडातल्याची उत्तरं पोरांकडं तुमच्या आधी असतात. अक्कलकोट रोड एमआयडीसीत एक टॉवेलचा कारखाना आहे, रात्री आठला लाइट गेली, माग बंद पडले, मालकानं घड्याळाकडं बघितलं आणि ट्रकवाल्याला फोन करून सांगितलं की सकाळी नको, दुपारी ये. एवढंच इंग्लिशमध्ये. आता "लाइट कधी गेली?" हा प्रश्न उचलेगिरीचा, असू दे एखादा, सुरुवातीला पोरांना धीर येतो. पण "मालकानं फोन कशाला केला असेल?" हा खरा प्रश्न, कारण माल सकाळपर्यंत तयार होणार नाही हे पॅसेजमध्ये कुठंही लिहिलेलं नाही, चार वाक्यं जोडून ते डोक्यात तयार व्हावं लागतं. तिसरा प्रश्न असा काढा की त्या शेवटच्या इंग्लिश वाक्यातलं "हिम" (him) म्हणजे नक्की कोण, मालक का ट्रकवाला? हा प्रश्न दिसायला किरकोळ आहे पण सर्वनामं कोणाची आहेत हे न कळता वाचणारी पोरं ढिगानं असतात आणि त्यांना पुढची सगळी गोष्टच उलटी कळते.

आणखी एक युक्ती आयेल्ट्सकडून, म्हणजे परदेशी शिकायला जाणारे इंग्लिशची जी परीक्षा देतात तिच्याकडून उचला. तिथं रीडिंगमध्ये खरं आणि खोटं ह्याशिवाय "दिलेलं नाही" असा तिसरा पर्याय असलेले प्रश्न येतात. "कारखान्यात शंभर कामगार होते" : खरं, खोटं, का दिलेलं नाही? पोरगं मनानं उत्तर देतंय का वाचून, ते इथं लगेच उघडं पडतं. पहिल्या वेळी वर्गात भांडणं होतील, "पण मॅडम, कारखाना म्हटल्यावर शंभर असणारच की", होऊ द्या, त्या भांडणात जेवढं वाचन होईल तेवढं दहा पॅसेजमध्ये होत नाही.

मनानं उत्तर देण्यावरून आठवलं. सोलापुरात डॉक्टर कोटणीसांवरचा पॅसेज टेस्टला कधी देऊ नका. म्हणजे वाचायला जरूर द्या, १९३८ साली चीनला गेलेला आपल्या गावचा माणूस आहे तो, पण "डॉक्टर कोटणीस कुठल्या देशात गेले?" ह्याचं उत्तर सोलापूरचं पोरगं पॅसेज न उघडता देतं. चादरी, गड्ड्याची जत्रा, सिद्धेश्वराचा तलाव, सगळ्यांचं तेच. ओळखीचा विषय असला की वाचायला सोपं जातं हे खरंय, म्हणून पॅसेजचं वातावरण ओळखीचं ठेवा, पण ज्याचं उत्तर लागतं ती घटना नवी पाहिजे. तपासायची पद्धत एकदम सोपी, प्रश्नांचा कागद घरातल्या कोणालातरी पॅसेज न देता द्या, भाच्याला, नवऱ्याला, जो हाताशी असेल त्याला. त्यानं दहापैकी सहा बरोबर काढले तर ते सहा प्रश्न फेकून द्या.

आता शब्दांकडं येतो. तुम्ही शनिवारचे वीस शब्द कुठून घेता ते पत्रात लिहिलं नाही, पण बहुतेक क्लासमध्ये मी बघितलंय की स्पर्धा परीक्षेच्या कुठल्यातरी लिस्टमधून ए पासून सुरुवात होते, अबँडन, अबेट, अब्डिकेट, आणि दिवाळीपर्यंत गाडी सी च्या पुढं जात नाही. "अब्डिकेट म्हणजे राजत्याग करणे" हे पाठ असलेल्या पोराला "ही हार्डली एट एनिथिंग" वाचायला द्या, तो सांगतो की त्यानं कष्टानं खाल्लं, खरा अर्थ त्यानं जवळजवळ काहीच खाल्लं नाही. "अनलेस", "ऑलदो", "इन्स्टेड", "हार्डली" हे शब्द कुठल्याच लिस्टमध्ये कोणी मनावर घेत नाही कारण ते सोपे दिसतात, आणि वाक्याचा अर्थ इकडचा तिकडं करण्याचं काम नेमके तेच करतात.

कुठले शब्द आधी, ह्यावर लोकांनी खूप काम करून ठेवलंय, आणि गंमत म्हणजे त्याची एक मोठी सुरुवात आपल्याच उपखंडात झाली. मायकेल वेस्ट नावाचा इंग्रज माणूस ब्रिटिश अमदानीत ढाक्याला शिक्षकांच्या ट्रेनिंग कॉलेजात होता, त्याचं म्हणणं असं होतं की बंगालमधल्या मुलांना इंग्लिश बोलण्यापेक्षा आधी वाचता येणं जास्त गरजेचं आहे आणि त्यासाठी शब्द निवडून, मोजून द्यायला पाहिजेत. पुढं १९५३ मध्ये त्याची साधारण दोन हजार शब्दांची यादी आली. साध्या इंग्लिश मजकुरातले मोटामोटी ८० टक्के शब्द ह्या पहिल्या दोन हजारात बसतात. नंतर २००० साली ॲव्हरिल कॉक्सहेड नावाच्या अभ्यासक बाईंनी कॉलेजच्या पुस्तकांत सारखे येणारे ५७० शब्दगट काढले, एका मूळ शब्दाची सगळी रूपं मिळून एक गट. म्हणजे तुमच्या पोरांचे पहिले दोन हजार पक्के आहेत का नाहीत हे न बघता अब्डिकेट शिकवणं म्हणजे जोत्याचा पत्ता नाही आणि गच्चीला रंग.

आणि ८० टक्के ऐकून खूश होऊ नका, तिथंच खरी मेख आहे. हू आणि नेशन ह्या दोन अभ्यासकांनी २००० साली एक प्रयोग छापला, गोष्टीतले काही शब्द काढून तिथं माझ्या गोंदुलासारखे बनावट शब्द घातले, कोणाला कमी कोणाला जास्त, आणि मग समजलं किती ते विचारलं. ज्यांना १०० पैकी ८० शब्द ओळखीचे होते त्यांच्यातल्या एकालाही गोष्ट नीट कळली नाही. कोणाची मदत न घेता आरामात वाचायला साधारण ९८ टक्के लागतात असं त्यांनी काढलं, म्हणजे पन्नास शब्दांत एकच अनोळखी. अडीचशे शब्दांच्या पानावर पाच. तुमच्या त्या मुलाला पेन्सिल द्या आणि पॅसेजमधल्या न येणाऱ्या शब्दांखाली रेघा मारायला सांगा, मार्क नाहीत म्हणून सांगा, नाहीतर लपवतो. शंभर शब्दांत पंधरा रेघा आल्या तर त्याला पॅसेज समजला नाही ह्यात नवल काय, कोणालाच समजला नसता. पॅसेज त्याच्यासाठी जड आहे. आणि दोनच रेघा आल्या तरी मार्क तीनच, तर दुखणं शब्दांत नाही, दुसरीकडं शोधायचं.

दुसरीकडं म्हणजे कुठं? तेवढ्याच लांबीचा मराठी पॅसेज द्या, नवा, तसेच फिरवलेले प्रश्न काढून. बऱ्याच पोरांची मराठीत पण दांडी उडते, मी सांगून ठेवतो. मग ते इंग्लिशचं दुखणंच नाही, ते वाचलेलं जोडता न येण्याचं आहे आणि त्याला शब्द पाठ करून काही उपयोग नाही. मराठीत फटाफट सांगितलं आणि इंग्लिशमध्ये अडला, तर इंग्लिशचं. शब्दांखालच्या रेघा, मराठी पॅसेज, इंग्लिश पॅसेज, एवढे तीन कागद एका आठवड्यात झाले की प्रत्येक पोराची तब्येत तुम्हाला कळेल, ह्यापेक्षा भारी काही लागत नाही.

फक्त तुमच्या भागात एक अडचण आहे आणि ती बाहेरच्या माणसाच्या लक्षात येत नाही. घरी तेलुगू, शाळेत मराठी, आणि वर इंग्लिश. तुम्ही "रिलक्टंट म्हणजे अनिच्छुक" असं लिहून घेता, पोरगी "अनिच्छुक" बरोबर लिहिते, वेलांटीसकट, मार्क पडतो. तिला विचारून बघा, अनिच्छुक म्हणजे काय गं? गप्प. तिनं एका अनोळखी शब्दाला दुसरा अनोळखी शब्द चिकटवलाय. पुस्तकी मराठी अर्थ तसाही कोणाच्याच कामाचा नसतो, पण ह्या पोरांना तर दुहेरी मार बसतो. त्यापेक्षा वाक्यात विचारा : "तुला कुठं जायला रिलक्टंट वाटतं?" ती म्हणाली "दवाखान्यात", तर येतंय तिला, मग अर्थ तेलुगूत सांगू दे नाहीतर हातवारे करून. आणि हेच पॅसेजच्या उत्तरांना पण लागू, निदान सुरुवातीला समजलं का नाही बघायचं असेल तर उत्तर मराठीत द्यायची मोकळीक द्या, शेजारच्या पोराकडून तेलुगूचं मराठी करून घ्यावं लागलं तरी चालेल. उत्तर इंग्लिशमध्येच पाहिजे म्हटलं की तुम्ही वाचन तपासायला गेलात आणि तपासलं लिखाण. शाळेच्या परीक्षेत इंग्लिशमध्ये लिहावं लागतं हे मला माहितंय, त्याची प्रॅक्टिस वेगळ्या दिवशी.

शनिवारची टेस्ट बंद करू नका, पोरांना सवय आहे आणि पालकांना आकडा लागतो. पण तिचं रूप बदला. त्याच नेशननं, न्यूझीलंडच्या पॉल नेशननं, एक छान पद्धत काढलेली आहे, सहा शब्द द्यायचे आणि अर्थ तीनच. उदाहरणार्थ बॉरो, रिफ्यूज, रिपेअर, कॅरी, हाइड, एंजॉय, आणि समोर "नको म्हणणं", "दुरुस्त करणं", "परत द्यायच्या बोलीवर घेणं". तीन शब्द उरतातच, त्यामुळं शेवटचा आपोआप बसत नाही, तपासायला दोन मिनिटं लागतात. मूळ टेस्टमध्ये अर्थ सोप्या इंग्लिशमध्ये असतात, तुम्ही मराठीत द्या, पण साध्या बोलण्यातल्या. आणि वीसपैकी दहा शब्द चालू आठवड्याचे घेतले तर दहा महिन्याभरापूर्वीचे घ्या, न सांगता. पहिल्या शनिवारी आकडे धाडकन खाली येतील, घाबरू नका, ते खरे आकडे आहेत.

महिन्यातून एकदा गाळलेल्या शब्दांचा खेळ घ्या. विल्सन टेलर नावाच्या माणसानं १९५३ मध्ये हे आणलं, आणि त्याला मुळात पोरांची परीक्षा घ्यायचीच नव्हती, मजकूर वाचायला किती सोपा-अवघड आहे ते मोजायचं होतं. पहिलं वाक्य अख्खं ठेवायचं, नंतर दर सातवा शब्द खोडून रिकामी जागा. कधी "द" जाईल, कधी "फॅक्टरी" जाईल, निवड तुमची नाही, मोजणीची. पोराला पुढचं-मागचं वाचल्याशिवाय भरताच येत नाही, इथं उचलेगिरी चालत नाही. मूळ शब्दाऐवजी अर्थाला बसणारा दुसरा लिहिला तर मी तरी मार्क देतो, काही जण देत नाहीत, तुमची मर्जी. तुमच्या हाताशी झेरॉक्सचं दुकान असलं की पाच रुपयांत काम होतंय, आणि कुणाला गाईड सापडत नाही.

मोठ्यानं वाचायला लावून कोणाला समजतंय हे ठरवू नका एवढं मात्र सांगतो. खणखणीत आवाजात न अडखळता वाचणारं पोरगं वर्गात हुशार वाटतं, थांबवून विचारलं "काय झालं रे गोष्टीत?" तर परत पहिल्या ओळीपासून वाचायला लागतं.

राहिले ते बारा हजार आणि वडील.

ते ॲप काही खोटं बोललं असं म्हणायला नको, पण तो आकडा निघतो कसा ते त्यांना समजावून सांगा. कोणीच बारा हजार शब्द एक एक करून विचारत नाही, थोडेसे शब्द विचारायचे आणि गुणाकार करायचा. नेशन आणि बेग्लर ह्यांची २००७ ची एक नावाजलेली टेस्ट आहे, १४० प्रश्न, चार पर्याय, आणि जितके बरोबर त्याला गुणिले शंभर. आता वडलांच्या समोरच हिशोब मांडा : एकही शब्द न येणाऱ्या माणसानं डोळे झाकून टिका मारल्या तरी चारात एक बरोबर येतोच, म्हणजे १४० पैकी ३५, गुणिले शंभर, साडेतीन हजार शब्द! काहीही न येता. काही टेस्टमध्ये तर फक्त "हा शब्द येतो का" एवढंच विचारतात, त्यातल्या शहाण्या टेस्ट मधे मधे बनावट शब्द पेरतात आणि त्यालाही "येतो" म्हणणाऱ्याचे मार्क कापतात, बिनडोक टेस्ट तेवढंही करत नाहीत. त्या मुलानं कुठली दिली ते मला माहीत नाही, पण पोराला शेजारी बसवून त्या टेस्टमधले "येतात" म्हटलेले दहा शब्द वाक्यात वापरायला सांगा, वडील बसलेले असताना नको, त्याची लाज काढायची नाहीये.

बँकेचं म्हणाल तर आयबीपीएसच्या प्रीलिमला इंग्लिशचे ३० प्रश्न आणि वीस मिनिटं, चुकलं की पाव मार्क कापला. म्हणजे प्रश्नाला चाळीस सेकंद, आणि पॅसेज वाचायचा वेळ त्यातूनच काढायचा. तिथं ज्याला पॅसेज एका वाचनात कळतो तो तरतो, बारा हजार शब्द घोकलेला घड्याळाकडं बघत बसतो. पोरगं आता नववी-दहावीचं असेल, त्याला आत्ताच टायमर लावून पळवू नका, तेवढं वडलांना ठणकावून सांगा. "तीन महिने मी त्याला त्याच्या लेव्हलचं वाचायला देते, शंभर शब्दांत दोन-तीनच्या वर अनोळखी नसतील असं, आणि महिन्याच्या शेवटच्या शनिवारी गाळलेल्या शब्दांचा कागद तुम्हाला दाखवते," असं म्हणा. त्यांना आकडाच पाहिजे ना, मग हा घ्या म्हणावं, आणि पहिला कागद ह्याच महिन्यात घेऊन तारखेसकट फाईलला लावून ठेवा, म्हणजे पुढच्याशी ताडून बघायला राहील. फी वाढवायची असेल तर ती मात्र दुसरा कागद दाखवल्यावर काढा विषय, आत्ता नको.